त्यांची गर्दी पुढं मोजतात, आपली मागं



ह्या अंकात विमानतळावर लिहिते म्हटल्यावर आपल्याच दोघातिघांनी हसून विचारलं, की अगं, आपल्या बायांना एसटीच्या तिकिटासाठी पदराची गाठ सोडताना दहादा विचार करावा लागतो, आणि तू विमानाचं काय घेऊन बसलीस? हसा. पण महाराष्ट्रात जिथं जिथं मोठी जमीन एकदम मागितली जाते तिथं धरण, महामार्ग, बंदर ह्यांच्या रांगेत आता विमानतळ येऊन उभा राहिलाय. नवी मुंबईत जमीन घेऊन झाली. पुरंदरच्या सात गावांत घेणं चाललंय. पालघर म्हणजे आपल्या वारली-कातकरी भावांचा जिल्हा, तिथं वाढवणच्या बंदराजवळ मुंबईचा तिसरा विमानतळ करू असं राज्याचे मोठे मंत्री जाहीर बोललेत. आमच्या धाराशिवला तर विमानतळ कधीचा आहे, प्रवाशांचं विमान मात्र नाही.

जमीन मागायला येतात तेव्हा ते आधी एक आकडा सांगतात. अमुक कोटी प्रवासी. आकडा एवढा मोठा असतो की ऐकणारा गप्प बसतो. पाचशे उंबऱ्यांच्या गावानं कोटीला काय उत्तर द्यायचं? म्हणून तो आकडा कसा तयार होतो तेच आज लिहायचंय. गणित अवघड नाही. माझ्यासारख्या बारावी शिकलेलीला कळलं, तुम्हाला माझ्याआधी कळेल, कारण तुम्ही माणसं मोजायचा धंदा दुसऱ्या बाजूनं भोगलेला आहे.

पहिल्यांदा खरं ते मान्य करू. मुंबईचा विमानतळ भरलाय. तिथं धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकीला छेदून जातात, त्यामुळं एका वेळी एकीवरूनच काम चालतं. २०१४ च्या जानेवारीत तिथं मोठी नवी इमारत उघडली, वर्षाला चार कोटी प्रवाशांच्या हिशेबानं. आता त्या विमानतळावरून वर्षाला पाच कोटींच्या वर प्रवासी येजा करतात. एवढी गर्दी झाल्यावर दुसरी जागा लागणार, हे मी नाकारत नाही. खोटं बोलून आपली बाजू मोठी होत नाही.

मग नवी मुंबईचा विमानतळ आला. ८ ऑक्टोबर २०२५ ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, २५ डिसेंबरला पहिली विमानं उडाली. जमीन ११६० हेक्टर. दहा गावं उठली. उलवे, कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, गणेशपुरी, वाघिवली अशी ती नावं. उलव्याचा डोंगर सुरुंग लावून सपाट केला, नदी वळवली. आता नीट ऐका. पहिल्या टप्प्याची इमारत आहे वर्षाला दोन कोटी प्रवाशांची. सगळे टप्पे पुरे होतील तेव्हा नऊ कोटींची. म्हणजे पहिलं विमान उडायच्या कितीतरी आधी नऊ कोटींची जागा धरून ठेवली. त्यातले बरेच प्रवासी अजून शाळेत आहेत, काही जन्मालाही यायचेत. न जन्मलेल्या प्रवाशाच्या नावानं डोंगर सपाट होतो, आणि चाळीस वर्षं माळ कसणाऱ्या बाईच्या नावानं सातबारा होत नाही. माझा सगळा लेख ह्या एका वाक्याचा आहे. बाकीचं त्याचा पुरावा.

मोजतात कसं ते बघा. मागच्या काही वर्षांत प्रवासी किती वाढले ते घेतात. देशाचं उत्पन्न किती वाढेल त्याचा अंदाज त्याला जोडतात. त्या चालीनं वीस-तीस वर्षं पुढं आकडा ओढत नेतात. मग त्यातून काढतात गर्दीचा तास. कारण इमारत वर्षाच्या आकड्यावर बांधत नाहीत. वर्षाला दोन कोटी म्हणजे दिवसाला पंचावन्न हजाराच्या आसपास, पण ते चोवीस तासांत सारखे वाटून येत नाहीत. सकाळी एकदम येतात, संध्याकाळी एकदम येतात, रात्री दोनला बाकडी मोकळी. तेव्हा सगळ्यात गजबजलेल्या तासाला किती माणसं आत असतील तो आकडा धरायचा आणि त्याला प्रत्येक माणसामागे इतके चौरस मीटर असा गुणाकार करायचा. आपल्याकडं मोठ्या विमानतळाला हा हिशेब माणसी वीस चौरस मीटर किंवा त्याच्या वर जातो. त्यात सामान द्यायची रांग, तपासणीची रांग, बसायची जागा, दुकानं, संडास सगळं आलं. रांगेत माणूस किती मिनिटं उभा राहिला तर चालेल, त्याचंही माप ठरलेलं असतं. मिनिटांचं, लक्षात ठेवा. आपल्या वनदाव्याच्या रांगेचं माप अजून वर्षांत सुद्धा कुणी ठरवलेलं नाही.

आता घरकुल आठवा. प्रधानमंत्री आवास योजनेत गावातल्या माणसाच्या घराचं कमीत कमी क्षेत्र किती धरलंय? २५ चौरस मीटर. त्यात नवरा, बायको, लेकरं, सासू, एखादी शेळी, दाण्याची कणगी, चूल. आयुष्यभर. विमानतळावर एक माणूस एक-दोन तास थांबतो, चहा पितो, निघून जातो. त्याच्या त्या तासाला वीस चौरस मीटर. मला त्या प्रवाशाचा राग नाही, त्याला बसायला मिळावं. पण माणसाला किती जागा लागते हे सरकारला मोजता येत नाही, असं मात्र इथून पुढं मला कुणी सांगू नये. त्यांना येतं. पाय मोकळे करायला किती, पेटी ठेवायला किती, सगळं येतं.

आणखी एक गोम आहे, ती पेपरात कुणी सांगत नाही. प्रवासी म्हणजे माणूस नव्हे. प्रवासी म्हणजे खेप. एखादा साहेब दर सोमवारी मुंबईहून दिल्लीला गेला आणि शुक्रवारी परत आला, तर मुंबईच्या विमानतळाच्या वहीत तो आठवड्याला दोन प्रवासी होतो. वर्षाच्या पन्नास आठवड्यांत शंभर. दिल्लीच्या वहीत पुन्हा तेवढेच शंभर. एकाच जिवाचे दोनशे झाले. २०२४ साली देशातल्या देशात विमानानं १६ कोटींच्या वर खेपा झाल्या. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या पुढं. खेपा सोळा कोटी म्हणजे माणसं त्याहून पुष्कळच कमी, कारण जो उडतो तो पुन्हा पुन्हा उडतो. तरी भाषणात येतं काय? कोट्यवधी जनतेची मागणी.

आणि आपली मोजणी? आमच्या वस्तीवर एकदा एक सरकारी मोजणी आली होती. माळावरच्या एका पालात सात जणं राहत होती, दोन म्हाताऱ्यांसकट. कागदावर लिहिलं गेलं: अतिक्रमणधारक, एक. गाव नमुना एक-ई मध्ये आपण असेच असतो, माणूस म्हणून नसतो, अतिक्रमण म्हणून असतो. साहेब एकाचे दोनशे होतात, आपण सातांचे एक.

मी कळंब तालुक्यातली. आमच्याकडं तुमच्यासारखं जंगल नाही. मांजरेच्या खोऱ्यातली काळी जमीन वाटून गेलेली, आणि तिच्या कडेकडेनं मुरमाड माळ, गायरान. त्यावर आम्ही पारधी, आणि आमच्या जोडीनं मातंग, बौद्ध, कैकाडी अशी बिनजमिनीची माणसं दगड वेचून, बांध घालून तूर-हायब्रीड पेरत आली. आमच्या जमातीला मोजायची सरकारला पहिल्यापासून मोठी हौस. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो आपल्या मुलखातही आला. सोलापूरला तारेच्या कुंपणात माणसं ठेवली, त्यांची हजेरी घेतली. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. जागेला सेटलमेंट हे नाव अजून आहे. तेव्हा मोजत होते ते आपण पळून जाऊ नये म्हणून. उद्या ह्यांना किती जमीन लागेल, किती लेकरं होतील, किती पाणी लागेल, अशी पुढची मोजणी आमची कधीच झाली नाही.

उलट आपली मोजणी मागं जाते. गायरान कसणाऱ्यासाठी २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. त्यात तारीख आहे १४ एप्रिल १९९०. त्या दिवशी तुमचा कब्जा होता हे दाखवा. तुम्ही जंगलातली माणसं, तुमच्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा. त्यातली तारीख १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी कसत होता हे दाखवा. तुमच्या शेजारी जो आदिवासी नाही पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगतो, त्यानं तर तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास दाखवायचा. आणि दाखवून मिळणार किती? जेवढं हातात आहे तेवढंच, चार हेक्टरच्या वर नाही. पोरं वाढली, भावाभावांत वाटण्या झाल्या, तरी दाव्याचं माप त्या एका जुन्या दिवसावर खिळ्यानं ठोकलेलं.

प्रवासी वाढतात हे सरकारला कळतं. आदिवासी वाढतो हे कळत नाही. त्यांच्या गर्दीला २०५० साल चालतं, आपल्याला १९९० च्या पुढं यायला बंदी.

वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून बघा. जंगलगावाला शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, रस्ता अशा तेरा सोयींसाठी जंगलजमीन देता येते. प्रत्येक सोयीला एक हेक्टरपेक्षा कमी, आणि हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, शिवाय ग्रामसभेची शिफारस. बरोबर आहे, जंगल जपलं पाहिजे, मी त्या अटींच्या विरोधात नाही. पण माझा प्रश्न आहे: तुमच्या अंगणवाडीचं झाड मोजणाऱ्या हातानं उलव्याच्या खारफुटीतली झाडं कुठल्या मापानं मोजली?

कुणी म्हणेल, बाई, तू भावनेवर चाललीस, पुढचा विचार करून जागा राखणं हे शहाणपणाचंच की. आहे ना. अंदाज खरे ठरत असते तर मी हे लिहितानाही दोनदा विचार केला असता. अंदाजांचं काय होतं ते आमच्याच भागात फिरून बघा.

सरकारनं २०१६ साली उडान योजना आणली. लहान गावांना विमानानं जोडायचं, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजाराच्या आसपास तिकीट, आणि कंपनीचा तोटा सरकारी मदतीनं भरून द्यायचा. म्हणजे मागणी आहे म्हणून विमान नव्हे, विमान ठेवलं तर मागणी होईल म्हणून पैसे. ह्या योजनेचा हिशेब देशाच्या महालेखापालांनी तपासला, तो अहवाल २०२३ च्या ऑगस्टात संसदेत ठेवला. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग कंपन्यांना दिले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ नीच मदतीची तीन वर्षं पुरी केली. आणि २०२३ च्या मार्चमध्ये त्यापुढंही चालू राहिलेले मार्ग होते ५४. सातशे चौऱ्याहत्तरातले चोपन्न! शंभरातले सात! आपल्या पोरानं शंभरात सात मार्क आणले तर त्याला शाळेतून काढून ऊसतोडीला नेतात. इथं त्याच अंदाजांवर पुढची जमीन मागतात.

आमचं धाराशिव घ्या. २००९ साली राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळानं नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती असे पाच विमानतळ रिलायन्सच्या विमानतळ कंपनीला ९५ वर्षांच्या भाड्यानं दिले. पंचाण्णव! माझी नात म्हातारी होईल तोवर. पुढं सरकारातलेच लोक म्हणू लागले की काम झालं नाही, हे विमानतळ परत घेतले पाहिजेत. धाराशिवच्या विमानतळावर नियमित प्रवासी विमान नाही. नांदेडला २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी विमानतळ नव्यानं सजवला, नंतर विमानं कधी चालू कधी बंद. २७ एप्रिल २०१७ ला उडानखाली हैदराबादचं विमान वाजत-गाजत सुरू झालं, पुन्हा तीच गत, बंद आणि चालू. सोलापूरला विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. आता विमान येणार म्हणून घाई केवढी! पहिलं गोव्याचं विमान उडालं ते ९ जून २०२५ ला. चिमणी एका दुपारी गेली, विमानाला दोन वर्षं लागली.

आता ह्याच धाराशिवात एखाद्या भूमिहीनानं पाच वर्षं गायरान पडीक ठेवलं तर? कब्जा नाही, दावा बाद. आणि धावपट्टी वर्षानुवर्षं पडीक राहिली तर? भविष्यातली क्षमता. एकच गवत दोन्हीकडं उगवतं. शब्द तेवढा वेगळा.

गर्दीच्या तासाबद्दल आणखी एक सांगते. आमच्या तालुक्यात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते, चैत्री पुनवेला. केवढी गर्दी होणार हे दर वर्षी ठाऊक असतं, तारीख पंचांगात छापलेली. दिवाळी झाली की आमच्या भागातून ऊसतोडीला टोळ्या निघतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडी, कोंबड्या, तान्ही लेकरं. तीही गर्दी दर वर्षीची, त्याच रस्त्यानं, त्याच महिन्यात. ह्यापेक्षा पक्का अंदाज जगात कुणाला करता येईल? त्या गर्दीच्या तासाला माणसी किती चौरस मीटर धरलेत? बाईला आडोसा किती, प्यायचं पाणी किती, ह्याचा आराखडा कुणी केल्याचं मी तरी ऐकलं नाही. आणि २०२० आठवा. २५ मार्चला देशातली प्रवासी विमानं थांबली, ती २५ मेपर्यंत. विमानतळाच्या सगळ्या अंदाजांत ते दोन महिने कुठं लिहिले नव्हते. त्याच दोन महिन्यांत रस्त्यानं पायी किती माणसं चालली? ती देशाची सगळ्यात मोठी प्रवासी संख्या असेल. त्यांना मोजायला कुणी रांगेच्या तोंडाशी उभं नव्हतं.

एक साधी फसवणूक इथं पकडा. प्रवाशांचा आकडा सांगून जी जमीन मागतात, त्यातली प्रवाशांच्या इमारतीला लागते किती? समजा गर्दीच्या तासाला पाच हजार माणसं आणि माणसी वीस चौरस मीटर. झाले एक लाख चौरस मीटर. म्हणजे दहा हेक्टर, आपले पंचवीस एकर. इमारतीला मजले असतात, त्यामुळं जमीन त्याहूनही कमी. धावपट्टीला, तिच्या दोन्ही अंगांच्या मोकळ्या पट्ट्याला, विमानं उभी करायला जागा लागते, ते कबूल. पण मुंबईचा विमानतळ सगळा मिळून साडेसातशे हेक्टरच्या आसपास आहे आणि तिथून पाच कोटींच्या वर प्रवासी जातात. हैदराबादचा शमशाबाद साडेपाच हजार एकरांचा, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ तिप्पट, आणि प्रवासी मुंबईपेक्षा पुष्कळ कमी. मग प्रवाशागणिक जमीन लागते हे गणित कुठं गेलं? उरलेल्या जागेत हॉटेलं येतात, गोदामं येतात, कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती येतात. दिल्लीच्या विमानतळाजवळची एरोसिटी त्याचंच नाव. येऊ द्यात, पण मागताना तसं सांगा. प्रवाशाच्या नावानं पंगत मांडायची आणि जेवायला व्यापारी बसवायचे, असं नको.

पुरंदरच्या लोकांनी हे उघड करून दाखवलं. तिथं वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव ही सात गावं. पुण्याचं लोहगाव हे हवाई दलाचं ठिकाण आहे, तिथं प्रवासी विमानांना अडचण होते, वर्षाला कोटीच्या आसपास माणसं येतात, हे खरंच आहे. पण मागितली किती? सुरुवातीला सात हजार एकर. अंजिराच्या, सीताफळाच्या बागांसकट. लोक आडवे पडले. ३ मे २०२५ ला ड्रोननं मोजणी करायला आले तेव्हा पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. त्यानंतर मागणी किती झाली? तीन हजार एकराच्या आसपास. विमानतळ तोच. अहो, सात हजारांशिवाय जर होतच नव्हतं, तर तीन हजारांत आता कसं होतंय? मधले चार हजार एकर कुठल्या प्रवाशासाठी होते? गाव गप्प बसलं असतं तर ते गेलेच असते, आणि विकासाची गरज म्हणून वहीत लिहिले गेले असते.

ती जमीन घेण्याचा रस्ताही बघून ठेवा. ती घेतात औद्योगिक विकासाच्या १९६१ च्या कायद्यानं. २०१३ चा भूसंपादन कायदा म्हणतो की खासगी कंपनीसाठी असेल तर ऐंशी टक्के, सरकार-खासगी भागीदारी असेल तर सत्तर टक्के बाधितांची संमती घ्या, गावावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास करा. म्हणून तो दरवाजा टाळायचा आणि शेजारच्या खिडकीतून आत यायचं.

नोकऱ्या मिळतील, असं म्हणतात. मिळतात. ट्रॉल्या ओढायच्या, फरशी पुसायच्या, त्याही ठेकेदाराकडून. मोबदला मिळतो, असंही म्हणतात. नवी मुंबईच्या गावांना जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंडाची योजना मिळाली. ती कुणी दानात दिली नाही. त्याच मुलखात १९८४ च्या जानेवारीत जासईला दि. बा. पाटलांच्या मागं माणसं उभी राहिली, गोळीबारात पाच जण गेले, त्यातून आधी साडेबारा टक्के आले. मी त्या लढ्याला मान देते. पण आपल्यासाठी त्यात एक काटा आहे. ही टक्केवारी जमिनीवर आहे. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याच्या शून्याचे साडेबावीस टक्के किती? म्हणून विमानतळ यायच्या आत नाव लागलं पाहिजे. दाव्याची फाइल धूळ खात पडते ती काही उगीच नाही. सातबारा नसलेला माणूस उठवायला स्वस्त पडतो.

स्टेन्सिल संपत आलीय, आता कामाचं लिहिते. ज्या गावात विमानतळाचं, बंदराचं किंवा मोठ्या रस्त्याचं नाव ऐकू येतंय, तिथं नोटिशीची वाट बघू नका. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या पाचव्या अनुसूचीतल्या गावांना पेसा कायदा आहे, आणि २०१३ च्या कायद्याचं कलम ४१ म्हणतं की अनुसूचित क्षेत्रात जमीन घेताना ग्रामसभेची आधी संमती लागते. जंगलजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर आधी वनहक्कांचे दावे निकालात काढा आणि ग्रामसभेचं म्हणणं घ्या, असं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं ३ ऑगस्ट २००९ चं पत्रक आहे. २०२२ च्या नियमांनी ती पकड ढिली केली, पण वनहक्क कायदा स्वतः जागेवर आहे. आमच्या कळंबला ह्यातली पाचवी अनुसूची नाही, पेसा नाही, आम्हाला गायरानाचा १९९१ चा निर्णय तेवढा हाताशी. ज्यांच्याकडं जास्त आहे त्यांनी ते वापरा तरी.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ह्यातली जी ग्रामसभा जवळ असेल तिथं विषय लेखी द्या. अधिकारी प्रवाशांचा आकडा सांगतील तेव्हा विचारा, साहेब, ह्या खेपा का माणसं? गर्दीचा तास किती माणसांचा धरलात, माणसी किती मीटर धरलेत? इमारतीला किती एकर, धावपट्टीला किती, आणि हॉटेला-दुकानांना किती, तीन खाती वेगळी करून दाखवा. दहा वर्षांत अंदाजाच्या निम्मेही प्रवासी आले नाहीत तर उरलेली जमीन गावाला परत, हे लिहून देता का? २०१३ च्या कायद्यात कलम १०१ आहे, पाच वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाकडं किंवा सरकारच्या भूमी बँकेत जाते. ती बँकेत जाऊ नये, मालकाकडं यावी, असं ठरावात शब्दानं लिहा.

आणि त्याच ठरावात आपली पुढची मोजणी जोडा. गावात आज किती उंबरे, किती लेकरं दहा वर्षांखालची, वीस वर्षांनी किती घरं होतील, त्यांना राहायला, कसायला, गुरं चारायला, मसणवट्याला किती जमीन लागेल. शाळेतल्या पोरांना बसवा, दोन दिवसांत होतं. वाढीचा दर विचारला तर सांगा, विमानतळाला धरता तोच आम्हालाही धरा. आम्ही कळंबच्या तीन वस्त्यांवर ही मोजणी सुरू केलीय. तिचा कोरा तक्ता ह्या अंकाच्या शेवटच्या पानावर छापलाय, तो फाडून घ्या. भरलेल्या तक्त्याची आणि ठरावाची नक्कल ग्रामसेवकाकडून सही-शिक्क्यासह घ्या, एक तहसीलला देऊन पोच घ्या, एक आपल्या पेटीत ठेवा.